फाटा ओलांडताना : पायी शाळेत जाणाऱ्या मुलांची सुरक्षितता

पायी चालणारे मूल हा रस्त्यावरचा सर्वांत दुबळा घटक. त्याच्याभोवती पत्रा नसतो, डोक्यावर हेल्मेट नसते आणि समोरून येणारे वाहन किती वेगात आहे हे ताडण्याची जाणही पुरती आलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत दगावतात आणि ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ३२,८२५ जण पादचारी होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात होऊन १५,२२४ जण मृत्युमुखी पडले.

मुलांचे अपघात मोठ्यांच्या अपघातांहून वेगळे असतात. मोठा माणूस बहुधा प्रवासात सापडतो. मूल मात्र घर, शाळा, दुकान आणि खेळाची जागा यांमधल्या रोजच्या, ओळखीच्या रस्त्यावर सापडते. असे अपघात टाळायचे तर तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: मुलाची वाढ, वाहनाचा वेग आणि रस्त्याची रचना. अहिल्यानगर जिल्ह्यात या तिन्हींची गाठ रोज सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचनंतर पडते.

महामार्गांचा जिल्हा

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्र, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोकसंख्या. दर पाच माणसांपैकी चार ग्रामीण भागात राहतात. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर यांना जोडणारी वाहतूक या जिल्ह्यातून जाते. नगर-मनमाड रस्ता राहुरी, कोल्हार, राहाता, शिर्डी आणि कोपरगाव अशा गजबजलेल्या गावांतून निघतो. पुणे-संभाजीनगर रस्ता सुपे, नगर, घोडेगाव आणि नेवासा फाटा असा जातो. पुणे-नाशिक महामार्ग संगमनेर तालुका उभा चिरतो, तर कल्याणहून माळशेज घाटमार्गे आलेला राष्ट्रीय महामार्ग टाकळी ढोकेश्वर, नगर आणि पाथर्डी असा मराठवाड्याकडे वळतो.

गाव आतल्या बाजूला आणि रस्त्यावर त्याचा फाटा, ही इथली नेहमीची मांडणी. फाट्यावर आधी चहाची टपरी येते, मग पंक्चरचे दुकान, मग खताचे दुकान, आणि पुढे हायस्कूलही तिथेच उभे राहते. अंतर कमी पडावे, एसटी मिळावी म्हणून ही जागा सोयीची असते. त्यातच जिल्ह्यातली वस्ती विखुरलेली. बागायती पट्ट्यात शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहतात. या वस्त्यांवरची मुले पाटाच्या कडेने, चारी ओलांडून, पाऊलवाटेने येतात आणि शेवटी डांबरी रस्त्याला लागतात. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. अंतराचा हा हिशेब पायी चालण्याचा आहे, पण त्या वाटेत चौपदरी महामार्ग आडवा येतो की नाही हे किलोमीटर सांगत नाहीत.

रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला की वाहनांचा वेग वाढतो. दुभाजक आला की पलीकडच्या शाळेसाठी अर्धा-पाऊण किलोमीटरचा वळसा पडतो. मुले वळसा घालत नाहीत. दुभाजकातली फट शोधतात. त्या फटीतून आधी मोटारसायकली जाऊ लागतात, मग शेळ्या, मग दप्तरे पाठीवर घेतलेली मुले. ही पायवाट मातीत उमटलेली स्पष्ट दिसते. रस्ता आखणाऱ्याने विचारात न घेतलेली गावाची खरी वाट तीच असते.

मूल रस्ता कसा पाहते

सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर असते. ट्रॅक्टरचे मागचे चाकच त्याच्या डोक्याच्या वर जाते. रस्त्याकडेला जीप उभी असेल तर तिच्या बॉनेटवरून मुलाला पलीकडचे दिसत नाही आणि पलीकडून येणाऱ्या चालकाला मूल दिसत नाही. ट्रक किंवा एसटीच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल तर चालकाच्या नजरेच्या खालीच राहते. धडक बसली तर मोठ्या माणसाला मार बहुधा पायांना आधी लागतो. मुलाच्या मात्र छातीला आणि डोक्याला थेट लागतो.

उंचीपेक्षाही मोठी अडचण समजेची आहे. स्वीडनच्या बालमानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरील वागण्याचा सविस्तर अभ्यास केला. लहान मुलांना कितीही शिकवले तरी वयाच्या दहा-अकरा वर्षांपर्यंत ती रहदारीत मोठ्यांसारखी भरवशाने वागू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी मुलांना वाहन जवळ येत असल्याचे कितपत उमगते हे तपासले. ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे वाहन आपल्या दिशेने येत आहे, हे प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना खात्रीने ओळखता येईलच असे नाही, असे त्यांना आढळले. मोटार दिसते, पण ती क्षणाक्षणाला मोठी होत असल्याचे मुलाच्या नजरेत वेळेवर भरत नाही.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना रस्ता कुठून ओलांडावा असे विचारले तर ती बहुतेक वेळा सर्वांत जवळची सरळ वाट दाखवतात. वाहन दिसत नसेल तर ती जागा सुरक्षित, असेही त्यांना वाटते. मग ते वळण असो, चढाचा माथा असो की उभ्या टेम्पोची आड असो. उलट, आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसतोच, अशी त्यांची समजूत असते. लपाछपीत डोळे झाकून ‘मी लपलो’ म्हणणाऱ्या वयाचाच हा तर्क आहे. चेंडू रस्त्यावर गेला, पलीकडून मित्राने हाक मारली किंवा आजोबा दिसले की मनात तेवढी एकच गोष्ट उरते. अशा मुलाला ‘लक्ष कुठे होते?’ असे रागावून विचारण्यात अर्थ नसतो. त्याचे लक्ष पूर्णपणे चेंडूवरच असते.

पाच वर्षांखालच्या मुलांचा धोका तर अंगणातच सुरू होतो. पिकअप किंवा ट्रॅक्टर मागे घेताना चाकामागे बसून खेळणारे मूल चालकाला दिसत नाही. मळ्यातल्या घरांत अंगण, गोठा, वाहनतळ आणि खेळण्याची जागा एकच असते. गाडी चालू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारणे आणि लहान मुले कोणाच्या तरी कडेवर आहेत याची खात्री करणे, हा तिथला पहिला नियम ठरतो.

वेगाचे गणित

चालकाने धोका पाहिल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. एवढ्या अवधीत ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे ८ मीटर पुढे जाते, ६० ने जाणारी जवळजवळ १७ मीटर. नंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अंतर लागते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तरी ३० च्या वेगाला एकूण १३ मीटर, ५० ला २८ मीटर आणि ६० ला ३६ मीटर लागतात.

आता समजा, २० मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आले. ताशी ३० ने येणारी गाडी त्याच्या अलीकडे ७ मीटरवर थांबते. ५० ने येणारी गाडी ब्रेक दाबूनही त्याच्यावर ताशी सुमारे ३७ च्या वेगाने आदळते. ६० ने येणाऱ्या गाडीला ब्रेकचा फारसा उपयोग होण्याआधीच अंतर संपलेले असते. ती सुमारे ५५ च्या वेगाने आदळते. चालक तोच, मूल तेच, चूक तीच. फरक फक्त वेगाचा. वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पादचारी आणि वाहने जिथे एकत्र वावरतात तिथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर ठेवावा, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात याच कारणासाठी नमूद केले गेले.

दुसरे गणित रस्ता ओलांडण्याचे. दुपदरी डांबरी रस्ता सुमारे ७ मीटर रुंद असतो. लहान मूल सेकंदाला एक मीटर चालते असे धरले तर पलीकडे जायला त्याला ७ सेकंद लागतात. या ७ सेकंदांत ताशी ६० ची गाडी ११५ मीटरहून अधिक अंतर कापते, ८० ची दीडशे मीटरहून अधिक. म्हणजे मूल पाऊल टाकते तेव्हा दोन्ही बाजूंना निदान दीडशे मीटरपर्यंत रस्ता मोकळा दिसायला हवा. वळणावर, चढावर किंवा बाभळींच्या आड असलेल्या फाट्यावर एवढे अंतर दिसतच नाही. तिथे मूल कितीही शहाणे असले तरी त्याच्या हातात काही नसते.

धोक्याच्या चार जागा

पहिली जागा एसटीच्या थांब्याची. राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये धावली. आज जिल्ह्यातील हायस्कूलची मुले, विशेषतः मुली, एसटीच्या पासावरच शिकतात. जामखेड तालुक्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांच्याच नावाने मुलींना मोफत प्रवासाची योजना आहे. पण बसमधला प्रवास सुरक्षित आणि बसमधून उतरणे असुरक्षित, अशी स्थिती अनेक फाट्यांवर दिसते. बसचे दार डाव्या बाजूला आणि गाव पलीकडे, उजव्या बाजूला. गाडी थांबते, दहा-बारा मुले उतरतात आणि त्यांतली दोन-तीन घाईने बसच्या तोंडापुढून धावत निघतात. बसला ओलांडून पुढे जाणारा मोटारसायकलवाला आणि हे मूल यांना एकमेकांचे दर्शन होते तेव्हा दोघांमध्ये दोन मीटरही अंतर उरलेले नसते. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे: आधी बस जाऊ द्यायची, मग रस्ता पाहायचा, मग ओलांडायचा. वाहकाने उतरणाऱ्या मुलांना तसे सांगणे आणि थांबा ओलांडण्याच्या जागेच्या थोडा पुढे असणे, या दोन गोष्टींनी बरेच साधते.

दुसरी जागा उसाच्या रस्त्यांची. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पाण्यावरचा हा पट्टा उसाचा आहे. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिने चालतो. या काळात एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या आणि ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतात. उसाचा बोजा ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांना आलेला असतो. वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीने न जाता आतल्या बाजूला कापत जाते. नेमके त्याच आतल्या कोपऱ्यावर मुले उभी असतात. चढावर ट्रॉल्यांचा वेग मंदावला की शाळेतून परतणारी मुले मागे धावतात, एक ऊस धरतात आणि ओढतात. मोळी घट्ट बांधलेली असते. ऊस निघत नाही, मूल लोंबकळते. चालकाच्या कानावर गाण्यांचा दणदणाट असल्याने मागचा आरडाओरडा त्याला ऐकू येत नाही. ऊसतोड कामगारांची मुले तर रस्त्याच्या आणि कारखान्याच्या तळाच्या कडेला उभारलेल्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांतच राहतात. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लाल-पिवळे रेडियम, मागच्या ट्रॉलीलाही दिवा, उसाच्या बोजाची रुंदी मर्यादेत आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावातून रिकाम्या गाड्याही हळू, एवढी शिस्त कारखाना आणि वाहतूकदार मिळून लावू शकतात.

तिसरी जागा शाळेचे फाटक. नगर शहरात दिल्लीगेट, चितळे रोड, कापडबाजार हा जुना भाग अरुंद, तर सावेडीकडचे रस्ते रुंद आणि वेगाचे. दोन्हीकडे शाळा सुटण्याची पंधरा मिनिटे सारखीच असतात. पालकांच्या दुचाकी फाटकाला भिडून उभ्या, रिक्षा आणि व्हॅन दुहेरी रांगेत, भेळेची गाडी कोपऱ्यावर. मुले या गाड्यांच्या फटींतून बाहेर पडतात आणि एकदम रहदारीत येतात. आपल्या मुलाला अगदी दारापर्यंत सोडण्याची धडपड इतरांच्या मुलांसाठी आड उभी करते. फाटकापासून दोन्ही बाजूंना ५० मीटर वाहने उभी करण्यास मनाई आणि मुलांना तिथून चालत नेणे, हा कमीत कमी खर्चाचा उपाय आहे.

चौथी जागा काळोखाची. नगर भागात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास मावळतो. सकाळच्या सत्राची मुले अंधारात निघतात, शिकवणीची मुले अंधारात परततात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना दिली. ती मुलांच्या झोपेसाठी होती, पण तिने लहान मुलांची पायी वाटही उजेडात आणली. गडद रंगाचा गणवेश अंधारात दिसत नाही. दप्तराच्या मागे आणि बाजूला चिकटवलेली रेडियमची पट्टी मोटारीच्या दिव्यात दुरून चमकते.

रस्त्यावर काय हवे

मुलाची वाढ घाईने होत नाही आणि वाहनांची गर्दी कमी होणार नाही. बदलता येतो तो रस्ता. भारतीय रस्ते काँग्रेस ही रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था. तिने ५ ते १२ वर्षांच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगळी पुस्तिका १९८८ मध्येच काढली. पादचाऱ्यांसाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नसावी. उंच कडा असली की मुले आणि वृद्ध पदपथ सोडून खाली चालतात.

अपघात झाला की गावाची पहिली मागणी गतिरोधकाची असते. मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच, असा हळुवार गोलाईचा असतो. रातोरात टाकलेला डांबराचा अरुंद उंचवटा गतिरोधक ठरत नाही. त्यावर रंग नसतो, फलक नसतो आणि रात्री तिथे दुचाकीस्वारच पडतात. राष्ट्रीय महामार्गांवर तर गतिरोधक घालण्याचे धोरणच नाही. तिथे वेगळी साधने लागतात: गावाच्या अलीकडे आडव्या जाड पट्ट्या, शाळा असल्याचा त्रिकोणी फलक, वेगमर्यादेचा फलक, अरुंद केलेली मार्गिका, गावाकडून येणाऱ्या जोडरस्त्यावर गतिरोधक आणि सेवा रस्ता. चौपदरी रस्त्यावर दुभाजकात मुलांना थांबता येईल एवढी रुंद, संरक्षित जागा असली की रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो आणि एका वेळी एकाच दिशेकडे पाहावे लागते. भुयारी मार्ग केला तर तो मुलांच्या रोजच्या वाटेवरच हवा, त्यात उजेड हवा आणि पावसाळ्यात पाणी साचता कामा नये. गुडघाभर पाण्याचा भुयारी मार्ग पावसाळाभर मुलांना महामार्गावरच पाठवतो.

या कामांना मोठा पैसा लागतोच असे नाही. टांझानियातील दार-एस-सलाममध्ये अमेंड या संस्थेने शाळांच्या परिसरात गतिरोधक, पदपथ, खांब आणि फलक असे साधे बदल केले. मुलांच्या दुखापती मोजून हे बदल उपयोगी ठरल्याचे दाखवले गेले आणि २०१९ मध्ये त्या कामाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ४०० हून अधिक मुले रस्त्यांवर मरण पावली. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, आणि आज जगभर वाखाणली जाणारी तिथली पायी व सायकलची व्यवस्था त्या आंदोलनानंतर आकाराला आली. गाजावाजा युरोपचा होतो, पण नगरच्या मुरमाड साइडपट्टीला दार-एस-सलामचा धडा अधिक लागू पडतो.

कायदा काय सांगतो

केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालवण्याविषयीच्या विनियमांनुसार झेब्रा पट्ट्यांवरील पादचाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द अशी तरतूद आहे. शाळेसमोरून भरधाव जाणारी दुचाकी अनेकदा त्याच शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलाच्या हाती असते, म्हणून हे कलम पायी चालणाऱ्या मुलांच्याही कामाचे आहे. सदोष आराखड्यामुळे किंवा निकृष्ट कामामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला दंड करण्याची तरतूदही याच सुधारणेने आणली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक, पालक, वाहतूक पोलीस आणि परिवहन विभाग त्या समितीत एकत्र येतात. समितीच्या बैठकीत बसच्या भाड्याइतकाच पायी येणाऱ्या मुलांच्या वाटेचा विषय घेतला गेला पाहिजे. रस्त्याच्या मालकीचा प्रश्नही तिथेच सुटतो: महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि महापालिका यांपैकी नेमका रस्ता कोणाचा हे कळल्याशिवाय अर्ज योग्य टेबलावर पोहोचत नाही.

शिकवणे आणि सोबत करणे

रस्त्याचे शिक्षण फळ्यावर देता येत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९० च्या दशकात पाच ते सात वर्षांच्या मुलांना थेट रस्त्याच्या कडेला नेऊन शिकवण्याचा प्रयोग झाला. तीनच कौशल्ये शिकवली गेली: ओलांडण्याची सुरक्षित जागा शोधणे, उभ्या वाहनांजवळून जाणे आणि चौकापाशी पलीकडे जाणे. स्वयंसेवक पालक मुलांना विचारत, ‘इथून का नाही? मग कुठून?’ उत्तर मुलांनी शोधायचे. अशा सरावाने मुलांची समज वाढते. मात्र तेवढ्यावर त्यांना एकटे सोडता येत नाही.

घरी वयाप्रमाणे पायऱ्या ठरवता येतात. पाच वर्षांपर्यंत रस्त्यावर मुलाचा हात, खरे तर मनगट, मोठ्याच्या हातात असावे. बोटे सहज सुटतात. पाच ते आठ वर्षांपर्यंत सोबत मोठे माणूस असावे आणि रोजच्या वाटेवर सराव चालू ठेवावा. नऊ-दहा वर्षांचे मूल ओळखीचा, कमी रहदारीचा रस्ता सरावानंतर एकटे ओलांडू शकते. महामार्ग मात्र बारा वर्षांपर्यंत सोबतीशिवाय ओलांडू देऊ नये. त्या वयानंतर मोबाइल आणि कानातली यंत्रे हा नवा धोका सुरू होतो. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे आपल्या बाजूची वाहने समोरून येताना दिसतात. ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे आणि न धावता सरळ चालत जावे. हे सारे शिकवणाऱ्या मोठ्यांनी स्वतः दुभाजकावरून उडी मारली तर मूल उडीच शिकते.

वस्तीवरची मुले एकत्र नेण्याची पद्धत स्वस्त आणि खात्रीची आहे. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी तिला ‘चालती बस’ असे नाव दिले: ठरलेली वेळ, ठरलेली वाट, ठरलेले थांबे, पुढे एक मोठे माणूस आणि मागे एक. पायी दिंड्यांच्या या मुलखात ती नव्याने समजावून सांगावी लागत नाही. शिर्डीच्या पदयात्रेत किंवा पंढरीच्या वारीत रांग कशी चालते, पुढचा का थांबतो, मागचा का हाकारतो, हे घराघरात ठाऊक आहे. पालकांनी आठवड्याचे वार वाटून घेतले तर एकेकाच्या वाट्याला एक दिवस येतो. महामार्गाच्या फाट्यावर मोठ्या वर्गातले ‘आरएसपी’चे (रोड सेफ्टी पेट्रोल) विद्यार्थी मदत करू शकतात; वाहने थांबवण्याचे काम मात्र मोठ्यांचेच असावे.

अपघात घडलाच तर

पहिला फोन १०८ ला. मूल शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये, त्याला बसवू नये आणि हातपाय धरून झोळीसारखे उचलू नये. मानेला आणि कण्याला मार असू शकतो. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे रोखरहित उपचार मिळू शकतात. वाहन पळून गेले असेल तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची अपघात सानुग्रह अनुदान योजनाही आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून शाळेला लगेच कळवावे.

शाळेचा नकाशा

सरकारी व्याख्येनुसार ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा एकूण दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘अपघातप्रवण’ ठरते. मोठ्या महामार्गांसाठी ही व्याख्या उपयोगी आहे. पण गावच्या शाळेसमोर एका मुलाचा जीव गेला तर तो टापू या यादीत येत नाही. शाळांच्या बाबतीत आकडा भरण्याची वाट पाहणे परवडणारे नाही. तिथे धोका अपघाताआधी शोधावा लागतो.

त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती पुरेशी आहे. दोन शिक्षक, चार पालक आणि प्रत्येक वर्गातली दोन मुले शाळेच्या फाटकापासून शेवटच्या वस्तीपर्यंत चालत जातात. मुले कुठून ओलांडतात, कुठे थांबतात, कुठे बाभळीची फांदी किंवा जाहिरातीचा फलक नजर अडवतो, हे कागदावर मांडले जाते. मोठ्यांपैकी एकाने प्रत्येक ठिकाणी मुलाच्या उंचीइतके खाली वाकून पाहायचे असते. हा नकाशा ग्रामसभेच्या ठरावासह रस्त्याच्या मालकाकडे आणि परिवहन कार्यालयाकडे जातो. जिल्ह्यात एमएच १६ चे कार्यालय नगरला आणि एमएच १७ चे श्रीरामपूरला आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही ग्रामसभेच्या बळावर देशाला माहीत झालेली गावे याच जिल्ह्यातली. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या ग्रामसभेला मुलांच्या वाटेचा ताळेबंद मांडणे अवघड नाही. फांदी छाटणे, टपरी दहा मीटर सरकवणे, पांढरे पट्टे मारणे, एसटीचा थांबा हलवण्याचा अर्ज करणे, यांतली बरीच कामे त्याच आठवड्यात होण्यासारखी असतात. नकाशा काढायला अर्धा दिवस लागतो.